सहा वर्षं उभी असलेली टाटा ४०७ : नवी बॅटरी टाकून सरळ सेल्फ मारू का?

तुमच्या चुलत्यांची जुनी ४०७ सहा वर्षं शेडमध्ये उभी आहे, उभी केली तेव्हा चालू होती, टाकीत अर्धं डिझेल आहे, आणि तुम्हाला नवी बॅटरी टाकून सेल्फ मारायचाय. एवढ्यात मारू नका. चालू अवस्थेत उभं केलेलं इंजिन सहसा वाचतं. खर्चात पाडतो तो इंजिनाला डिझेल देणारा पंप, आणि त्याची वाट बऱ्याचदा पहिल्या सेल्फलाच लागते, कारण टाकीतला सगळा गाळ तेव्हाच वर ओढला जातो.

पाना हातात घेण्याआधी गाडीचा टॅक्स आणि फिटनेस कुठवर आहे ते ऑनलाइन बघून घ्या. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं. गाडी बंद ठेवल्याचं आरटीओला आधी कळवलेलं नसेल तर उभ्या काळाचाही टॅक्स अंगावर येऊ शकतो. तो आकडा बघून काही लोक गाडी आहे तशी भंगारात देतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

आता टाकी. तळाचा नट सोडून पहिलं लिटरभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर राहू द्या. खाली पाणी बसलेलं दिसेल आणि पाणी-डिझेलच्या मधे काळा बुळबुळीत थर. अर्धी टाकी रिकामी म्हणजे आत तेवढी हवा. तिच्यातली वाफ रात्री पत्र्यावर जमते, तळाला उतरते आणि त्या पाण्यात जंतू वाढतात. नवं डिझेल ओतून हे 'पातळ' करायच्या फंदात पडू नका. टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवे टाका, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाची जाळी साफ करा.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट एकदम काढू नका, हळूहळू ढिला करा. ऑइलमध्ये पाणी असेल तर तळाला बसलेलं पाणीच आधी गळेल. तसं झालं तर हेड गॅसकेट किंवा लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या) सीलकडे बघावं लागेल. पाणी नसलं तरी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलाच. एअर फिल्टरचा डबा उघडताना हातमोजे घाला. शेडमधल्या गाडीत उंदरांचं घरटं हमखास तिथेच निघतं, आणि वायरिंगही त्यांनीच खाल्लेलं असतं.

मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी चारही नोझल काढा, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, वर स्वच्छ फडकी ठेवा आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले तर निम्मी काळजी मिटली. अडलं तर जोर करू नका. गावाकडे अशा वेळी गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढतात. लायनर गंजला असेल तर त्या ओढीत रिंगा तुटतात, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम हेड उतरवून भागलं असतं तिथे इंजिन बांधायची वेळ येते. काढलेली नोझलं तेवढ्यात डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून आणा.

खरी जपायची जागा म्हणजे पंप. तुम्ही पाठवलेल्या इंजिनाच्या फोटोत पंपावर चार नळ्या एका ओळीत दिसतात, म्हणजे हा जुना इनलाइन पंप, ज्याला गॅरेजमध्ये अजून 'मायको' म्हणतात. त्याच्या आत एक दात्यांची सळई असते, रॅक. डिझेल किती जायचं ते ती ठरवते. उभ्या गाडीत ती वाळलेल्या डिझेलच्या चिकटीने किंवा गंजाने जागीच धरते. ती फुल डिझेलवर अडकली असेल तर सेल्फ मारताच इंजिन रेस होत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. कराडजवळच्या एका वीटभट्टीवर मी हे समोर पाहिलंय. ड्रायव्हरने सीटची गादी हवेच्या तोंडाला लावली, ती इंजिनाने फाडून आत ओढली. शेवटी क्लीनरने जाड फळी दाबून धरली तेव्हा कुठे थांबलं. म्हणून पंपावरचा स्टॉप लिव्हर, म्हणजे इंजिन बंद करणारा दांडा, आधी हाताने हलवून बघा. तो सहज हलला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगने आपणहून परत आला पाहिजे. नुसता लिव्हर हलला म्हणून खूश होऊ नका, बाजूचं झाकण उघडून रॅक सरकतोय ना तेही बघा. अडकला असेल तर हातोडी नको. पंप उतरवा आणि टेस्ट बेंचवर द्या. सुरू करताना एअर फिल्टरची नळी काढून ठेवा आणि जाड सपाट फळी घेऊन एक माणूस तिथे उभा करा. हात लावायचा नाही, फळीच.

पंप मोकळा असेल तर तपासलेली नोझलं परत बसवा, पुढचं सोपं आहे. फीड पंपाच्या हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या बटणाने) पंपिंग करत फिल्टरचा आणि मग पंपाचा एअर स्क्रू ढिला करा आणि बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत थांबा. नंतर स्टॉप केबल ओढलेलीच ठेवून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा. मधे सेल्फला गार होऊ द्या. केबल सोडल्यावर लगेच पकडलं नाही तर नोझलकडचे नट ढिले करून नळ्यांतली हवा काढा. स्टार्टिंग स्प्रे किंवा हवेच्या तोंडाला पेट्रोलचा बोळा, हे दोन्ही नको.

सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं पांढरा-निळा धूर येणारच, आपण ओतलेलं ऑइल जळत असतं. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर बंद करा. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर बहुधा क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. सगळी चाकं जॅकवर घेऊन ब्रेक दाबा आणि सोडल्यावर चाक मोकळं होतंय का बघा. व्हील सिलिंडर बहुधा जाम असतात आणि जुनं ब्रेक ऑइल ओल धरलेलं असतं. ते सगळं होईपर्यंत गाडी आवारातच फिरवा. टाकी कितीही धुतली तरी उरलासुरला गाळ पहिल्या काही दिवसांत फिल्टरमध्ये येतो, तेव्हा डिझेल फिल्टरचा आणखी एक जोड आताच आणून केबिनमध्ये ठेवा.