गाठ जठराच्या तोंडाशी, तर शस्त्रक्रिया कोणत्या वाटेने?

प्रश्न : आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. घास अडकतो म्हणून दुर्बिणीने तपासणी केली, तेव्हा अन्ननलिका जठराला मिळते तिथे कर्करोगाची गाठ निघाली. अहवालात हा जोड दातांपासून ४० सेंटीमीटरवर आणि गाठ ३८ ते ४४ सेंटीमीटरवर असल्याचे लिहिले आहे. ठाण्यातील सर्जन पोटातूनच संपूर्ण जठर काढू म्हणतात. नवी मुंबईतील सर्जनांच्या मते उजवी छातीही उघडावी लागेल. बाबांनी ३० वर्षे विडी ओढली आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही आकडे कळवलेत हे फार बरे केलेत, कारण या आजारात शस्त्रक्रियेची वाट त्यांच्यापासूनच ठरू लागते. गाठीचा मध्य ४१ सेंटीमीटरवर, म्हणजे जोडाच्या १ सेंटीमीटर खाली येतो. जर्मन सर्जन झीवर्ट यांच्या वर्गीकरणात मध्य जोडाच्या १ ते ५ सेंटीमीटर वर असला तर पहिला प्रकार, १ सेंटीमीटर वरपासून २ सेंटीमीटर खालपर्यंत दुसरा आणि २ ते ५ सेंटीमीटर खाली तिसरा मानतात. पहिल्या प्रकारात सहसा छातीतून अन्ननलिका काढतात, तिसऱ्यात पोटातून संपूर्ण जठर. तुमच्या वडिलांची गाठ दुसऱ्या प्रकारात बसते आणि सर्जनांचे मतभेद याच प्रकारात सर्वाधिक आहेत. तेव्हा दोघांपैकी एकाचे चुकले, असे कृपया समजू नका.

येथे दुसरे माप पाहावे लागते : गाठ अन्ननलिकेत किती वर चढली आहे? ३८ ते ४०, म्हणजे २ सेंटीमीटर. जपानमधील २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही चढण २ सेंटीमीटरपेक्षा जास्त असल्यास छातीच्या खालच्या भागातील आणि ४ पेक्षा जास्त असल्यास वरच्या भागातीलही लसिका ग्रंथी (कर्करोग ज्यांत आधी पसरतो त्या छोट्या गाठी) काढाव्यात, असे सुचवले आहे. तुमचे वडील पहिल्या रेषेवरच उभे आहेत. शिवाय खालच्या भागातील ग्रंथींपर्यंत श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांमधील स्नायूच्या पडद्याच्या) छिद्रातून, पोटाच्या बाजूनेही पोहोचता येते.

छाती उघडल्याने वरचा भाग नीट दिसतो आणि अन्ननलिका अधिक वर कापता येते. पण त्या वेळी एक फुप्फुस मिटवून ठेवावे लागते, आणि विडीने थकलेल्या फुप्फुसांना हे जड जाते. नेदरलँड्समध्ये २२० रुग्णांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत छाती उघडलेल्या गटात फुप्फुसांच्या तक्रारी स्पष्टपणे जास्त होत्या. जपानमध्ये ३ सेंटीमीटरपर्यंतच चढलेल्या गाठींसाठी डावी छाती उघडून पाहिली, तेव्हा आयुर्मान वाढले नाही, गुंतागुंत मात्र वाढली आणि चाचणी मधेच थांबवावी लागली. उजव्या छातीच्या शस्त्रक्रियेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, हे मला येथे सांगितलेच पाहिजे.

एवढ्या माहितीवर माझा कल पोटाच्या वाटेकडे आहे, परंतु दोन अटींवर. सीटी किंवा पेट स्कॅनमध्ये छातीत संशयास्पद ग्रंथी नसाव्यात; आणि कापलेल्या अन्ननलिकेची वरची कड शस्त्रक्रिया चालू असतानाच पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्यावी. ती कड स्वच्छ न आल्यास, म्हणजे तिच्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्यास, छातीत शिरण्याची तयारी त्याच टेबलावर असली पाहिजे, म्हणून दोन्ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनची निवड करा. तिसरे मत हवे असल्यास खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र आहे.

गाठ भिंतीत खोल गेलेली असल्यास शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी देतात. फ्लॉट या पद्धतीत दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे चार वेळा आधी आणि चार वेळा नंतर औषधे दिली जातात. केमोनंतर स्कॅन पुन्हा होईल, तेव्हा ही मापे दोन्ही सर्जनांसमोर पुन्हा ठेवा. मधल्या काळात बाबांची विडी आजच बंद करा आणि श्वासाचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. घास उतरत नसेल आणि वजन घटत असेल, तर आहारतज्ज्ञाची भेट याच आठवड्यात घ्या. त्यासाठी केमो सुरू होण्याची वाट पाहू नका.