साध्या नळीच्या शॉटगनमधून हरणासाठी सगळ्यात अचूक स्लग कुठला? सॅबो घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे मॉसबर्ग 500 आहे, 12 गेज, 28 इंची साधी नळी, टोकाला नुसता मणी. अमेरिकेत ओहायोत यंदा पहिल्यांदाच डिअर गन वीकला (बंदुकीने हरणाची शिकार करायचा आठवडा) निघालाय, आणि दुकानातल्या माणसाने 'अचूक हवं असेल तर सॅबोच घ्या, महाग आहेत पण लागतात' असं सांगितलंय. स्लग म्हणजे छर्ऱ्यांऐवजी काडतुसात असणारी एकच मोठी गोळी, आणि सॅबो म्हणजे प्लास्टिकच्या खोळीतला स्लग. सॅबोचा खोका घेतला असेल आणि अजून फोडला नसेल तर परत करा. परत घेत नसतील तर आटेवाली नळी (आतून पिळासारख्या खाचा असलेली) असणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका. तुमच्या नळीतून सॅबो हरणावर झाडू नका. हे मी ऐकीव सांगत नाही.

घोळ सगळा नावात आहे. खोक्यावर 'रायफल्ड स्लग' लिहिलेलं असतं तो साध्या, गुळगुळीत नळीसाठी असतो, आणि माणूस नाव वाचून समजतो की हा आटे पाडलेल्या नळीचा. मग तो उलटा माल उचलतो. रायफल्ड स्लग म्हणजे फॉस्टर जातीचा स्लग. कार्ल फॉस्टरने 1931 मध्ये काढलेला. पुढून भरीव, मागून पोकळ, त्यामुळे सगळं वजन नाकात. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच जातं, तसाच हा जातो. त्याला स्थिर राहायला गरगर फिरावं लागत नाही. अंगावरच्या तिरप्या रेघा फिरण्यासाठी आहेत असं सगळे सांगतात, पण त्यांचं खरं काम चोकमधून (नळीच्या तोंडाशी असणारा अरुंद भाग) जाताना शिसं दबायला जागा देणं हे आहे.

सॅबोचं गणितच वेगळं. साधारण अर्ध्या इंचाची गोळी, तिच्याभोवती प्लास्टिकची खोळ, आणि तुमच्या नळीचं भोक .729 इंच. ती खोळ नळीतल्या आट्यांना धरून फिरते, गोळीला फिरवते, बाहेर पडल्यावर सुटून जाते. तुमच्या नळीत आटेच नाहीत. मग गोळी न फिरता बाहेर पडते आणि थोड्याच अंतरावर आडवी होते.

2012 ची गोष्ट. हॉकिंग काउंटीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात मला लेखी परवानगी मिळाली होती. सोयाबीन कापून झालेलं, शेताच्या कडेला पांढऱ्या ओकची रांग, खाली ओकच्या फळांचा सडा. गन वीकचा दुसरा दिवस. माझी बंदूक साधी नळीवाली. सॅबो घेतले ते माझ्या थोरल्या साडूंच्या सांगण्यावरून. ते माझ्याआधी दहाबारा वर्षं इथे आलेले, दरवर्षी हरीण घरी आणणारे. 'स्वस्तातले स्लग घेऊन जनावराचे हाल करू नकोस,' हे त्यांचे शब्द. पाच काडतुसांना जो पैसा पडला त्यामुळे मी तपासायला तीनच उडवली, तीही 25 यार्डांवरून. तिन्ही पुठ्ठ्यावर लागली. भोकं कशी आहेत हे मी जवळ जाऊन पाहिलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करतो.

साडेसातच्या सुमाराला एक हरणी ओकच्या रांगेतून बाहेर आली. साठ यार्ड असेल. आडवी उभी, मान खाली. मी खांद्यामागे नेम धरला आणि चाप ओढला. तिने पाठ कमानीसारखी वर उचलली आणि कुबड काढल्यासारखी दुडक्या चालीने झाडीत गेली. छातीत लागलेलं जनावर असं जात नाही. ते उसळी मारून सुसाट पळतं. पाठ वाकली म्हणजे पोटात लागलं, हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होतो.

जागेवर गेलो. दंव पडलेल्या पानांवर आखूड पांढरे केस, पोटाखालचे. चार पावलांवर रक्त. फुप्फुसाचं रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं. हे काळपट होतं, त्यात हिरवट चोथा, आणि वाकून पाहिलं तर आंबूस वास. ओकच्या एका पानावर तो थेंब अजून गरम होता, त्याच्याखालचं दंव विरघळून पानाची शीर दिसत होती. ते पान मला आजही दिसतं.

शेतकऱ्याने सांगितलं, आत्ता मागे जाऊ नकोस, सहा तास थांब. पोटात लागलेलं जनावर हाकलत नेलं तर मैल मैल जातं, नाही हाकललं तर जवळपास बसतं. सहा तास मी त्याच्या कोठारात बसून होतो. दुपारी माग काढायला गेलो तर तिनदा बसल्याच्या जागा सापडल्या, आणि मग माग कुंपण ओलांडून शेजारच्या हद्दीत. तिथे विचारल्याशिवाय पाय टाकता येत नाही. त्या घरी कुणी नव्हतं. संध्याकाळी दिवा दिसला तेव्हा दार वाजवलं, बाईंनी सकाळी या म्हणून सांगितलं. सकाळी ओढ्याच्या काठी मिळाली. मागचे दोन्ही पाय कोयोटींनी खाऊन टाकलेले.

कातडीवरचं भोक मी त्या वेळी नीट पाहिलं. गोल नव्हतं. बोटाच्या दोन पेरांएवढं लांब, एका बाजूने फाटलेलं. गोळी आडवी शिरली होती, आणि मी धरलेल्या जागेपासून फूटभर मागे. मी ती हरणी माझ्या नावावर चेक-इन केली, म्हणजे मारल्याची सरकारी नोंद केली, आणि माझा त्या वर्षीचा टॅग (एका हरणाची परवानगी) त्यात गेला. मांसातलं एक किलोही घरी आलं नाही.

साडूंना फोन केला तर पहिलं वाक्य, 'तू दचकलास.' पुढच्या गणपतीला पंधरा माणसांत तेच. दिवाळीच्या फराळाला तेच. सॅबो अचूकच असतात, ह्याचा हात हलला. मी म्हणालो, माझी नळी साधी आहे. ते म्हणाले, नळीचं काय, गोळी चांगली हवी. मुद्दा इथेच आहे. त्यांच्या बंदुकीला आटेवाली नळी आहे. त्यांच्या हातात सॅबो नेमका लागतो हे शंभर टक्के खरं आहे, आणि तो का लागतो हे त्यांनी कधी आत डोकावून पाहिलेलं नाही.

मार्चमध्ये मी त्यांची बंदूक मागून आणली. या म्हटलं तर ते आले नाहीत. टेबल, वाळूच्या पिशव्या, 50 यार्ड, चार फूट बाय चार फूट पुठ्ठा. दोन्ही बंदुकांना एकाच जातीचे सॅबो. त्यांच्या नळीतून तीन बार, तिन्ही दोन इंचांत. माझ्या नळीतून पाच. तीनच पुठ्ठ्याला लागले, एक वरच्या कोपऱ्यात, एक अगदी खाली, आणि त्यातली दोन भोकं किल्लीच्या भोकासारखी लांबट. मग त्याच पिशवीवर त्याच खांद्याने साधे एक औंसाचे फॉस्टर उडवले, सॅबोच्या निम्म्याहून कमी किमतीचे. पाचही हाताच्या पंजाखाली झाकतील इतके जवळ. दचकणारा माणूस स्वस्त काडतुसाला दचकत नाही आणि महागाला दचकतो, असं कसं होईल? एक औंसाच्या पूर्ण वेगाच्या फॉस्टरचा धक्काही काही सौम्य नसतो.

मला हे आधीच सुचायला हवं होतं, कारण हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. आजोबांकडे संगमेश्वरच्या बाजूला शेती संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोर होती, भातात डुकरं शिरायची म्हणून. नवीन काडतुसं आली की ते आंब्याच्या बुंध्याला पत्रावळ टाचायचे, चाळीस पावलं मोजायचे आणि बार काढायचे. मग पत्रावळ सोडवून उजेडाकडे धरून बघायचे, छर्रे कुठे दाट, कुठे विरळ. 'ह्या नळीला हे मानवत नाही' म्हणाले की ती काडतुसं बाजूला. मी आता कागदी प्लेट लावतो, एवढाच फरक.

आता तुमच्यासाठी. 28 इंची नळी म्हणजे तुमच्याकडे बहुतेक बदलायचे चोक असणार. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (किंचितच अरुंद) बसवा, किंवा अगदी मोकळा सिलिंडर. फुल, म्हणजे खूप अरुंद चोकमधून स्लग उडवू नका. फॉस्टर दबून निघतो म्हणतात आणि निघतोही, पण नेमका लागत नाही. मग तीन-चार प्रकार आणा, पाच-पाचाचे खोके मिळतात: रेमिंग्टनचा स्लगर, विंचेस्टरचा सुपर-एक्स, फेडरलचा ट्रूबॉल (त्याच्या पोकळीत प्लास्टिकचा गोळा असतो, स्लग नळीत मध्यावर राहावा म्हणून), आणि एखादा ब्रेनेके. ब्रेनेके हा 1898 चा जर्मन नमुना, भरीव शिसं आणि मागे चिकटूनच जाणारा वॅड (बुडाचा बुच). आत खोल जातो. यातला सगळ्यात अचूक कुठला, हे मला सांगता येणार नाही. माझ्या नळीला ट्रूबॉल मानवला. माझ्या मुलाच्या बंदुकीला, तीच कंपनी, तेच मॉडेल, तो पसरतो आणि ब्रेनेके लागतो. जो लागेल त्याचे चार-पाच खोके एकदम घ्या. त्याच कंपनीचा तीन इंची काडतुसातला स्लग म्हणजे तोच स्लग असं समजू नका, पावणेतीन इंचीने तपासलं असेल तर पावणेतीन इंचीच न्या.

पूर्ण वेगाचा एक औंसाचा स्लग 1600 फूट प्रतिसेकंदाच्या आसपास निघतो. कमी धक्क्याचे 1300 च्या आसपास. मला विचाराल तर 50 यार्डांच्या आत कमी धक्क्याचेच घ्या. हरीण तेवढ्यानेच पडतं, आणि तपासताना वीस बार झाल्यावरही खांदा ठिकाणावर राहतो.

आणि त्या मण्याचं काहीतरी करा. मण्याला मागे जोडीदार नाही, त्यामुळे तुमचा गाल दस्त्यावर जरा वर टेकला की स्लग तिकडे बराच वर जातो. मागेपुढे साइट असलेली छोटी स्लग नळी या बंदुकीला सहज मिळते, साधीसुद्धा मिळते. नाहीतर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवा. 50 यार्डांवर नेम आणि भोक एकाच जागी येईल अशी साइट जुळवा आणि 75 च्या पलीकडे चाप ओढू नका. 100 यार्डांपर्यंत जाता जाता फॉस्टर आवाजाच्या वेगाखाली आलेला असतो आणि अर्धा फूट खाली बसतो.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं साध्या नळीबद्दल आहे. उद्या आटेवाली नळी घेतलीत तर सॅबोच घ्या, साडूंचं म्हणणं तिथे बरोबर आहे. ओहायोत 2014 पासून सरळ भिंतीच्या (तोंडाशी न निमुळत्या) काडतुसाच्या काही रायफली हरणाला चालतात. पैसे असतील तर ती वाट सोपी आहे, पण तुम्ही विचारलंत शॉटगनचं. ओहायोत हरणाला छर्रे चालत नाहीत, एका बारात एकच गोळी, आणि बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसतील असा प्लग (अडसर) लागतो. नारिंगी जाकीट आलंच. तुम्ही एच-1बी वर असाल तर बंदूक हातात धरायलाही वैध शिकारीचा परवाना लागतो, तो आधी काढा. आणि हे वाचून भारतात कुणी काही करू नये. तिथे 1972 च्या कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, शेती संरक्षणाचा परवानासुद्धा त्यासाठी नव्हता आणि नाही.

माझा तो पुठ्ठा गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. साडू घरी येतात, गाडी तिथेच लावतात, अजून एकदाही त्याच्यासमोर थांबलेले नाहीत. तुम्ही रेंजवर गेलात की पहिल्या बारानंतर दुर्बिणीतून बघून समाधान मानू नका. रेंज थंड झाली, म्हणजे सगळ्यांचे बार थांबले, की पुठ्ठ्यापर्यंत चालत जा आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. गोल असेल तर दुसरं काडतूस भरा.