वाचकांचे प्रश्न: छळणाऱ्या जोडीदारापासून दूर होताना

प्रश्न: लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. पगार माझाच, पण कार्ड त्यांच्याकडे. मोबाइल रोज तपासतात. भांडण झालं की दोन दिवसांनी रडून माफी मागतात, मुलांसमोर कान धरतात, मग पुन्हा तेच. मागच्या महिन्यात गळा दाबला. खूण काही राहिली नाही, म्हणून कोणाला सांगितलंही नाही. माहेर यवतमाळला आहे. आई म्हणते, पोरांकडे पाहून थांब. मला आता थांबायचं नाही, पण निघायचं कसं ते सुचत नाही. घर सोडलं तर घरावरचा हक्क जाईल का?
— एक वाचक, मानेवाडा

ताई, आधी गळ्याचं. गळा दाबल्यावर बाहेर काहीच दिसत नाही, असं अनेकदा होतं. आतली सूज किंवा रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही त्रास देते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, त्या वेळी कपड्यांत लघवी होणं, यातलं काही झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. पुन्हा असं घडलं, तर त्याच दिवशी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी एकाच्या अपघात विभागात जा आणि ‘नवऱ्यानं गळा दाबला’ असंच सांगा. ‘मान दुखते’ म्हटलं तर गोळ्या मिळतील, एमएलसीची, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणारी वैद्यकीय नोंद होणार नाही. ज्या घरात एकदा गळ्यावर हात गेला, तिथे जिवाचा धोका मोठा असतो. आईंनाही हे याच शब्दांत सांगा.

दुसरं म्हणजे, निघणार आहात हे त्यांना सांगू नका. धमकी म्हणून नको, समजावण्यासाठी नको, चिठ्ठीतूनही नको. बाई हातातून जातेय हे कळतं, तेव्हाच अशी माणसं सर्वांत जास्त बिथरतात. त्यामुळे तयारी गुपचूप व्हायला हवी आणि घरातलं सगळं रोजच्यासारखंच दिसायला हवं.

मोबाइल तपासतात म्हणता, तर तो त्यांचाच आहे असं धरून चाला. व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’, गूगल खात्यात कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत, मॅप्सवर लोकेशन कोणाला दिसतं, हे एकदा पाहून घ्या, पण काहीही बंद करू नका. आज लोकेशन बंद झालं की आजच चौकशी सुरू होईल. बंद करायचं ते निघाल्यावर. त्याआधी स्वतःच्या आधारवर नवं सिम घ्या. दुकानदार पर्यायी नंबर मागतो, तिथे भरवशाच्या मैत्रिणीचा द्या. सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून तिच्याकडेच ठेवा. वकील, हेल्पलाइन, माहेर, सगळ्यांशी बोलणं त्याच फोनवरून. आधारला त्यांचा नंबर जोडलेला असेल तर तो बदलावा लागेल. तेही निघाल्यावरच करा, जुन्या नंबरवर संदेश जाण्याची जोखीम आता नको.

खातं वेगळ्या बँकेत उघडा, जिथे तुमचं दोघांचं काहीच नाही. पोस्टातलं बचत खातं ५०० रुपयांत उघडतं. कार्ड आणि चेकबुक टपालानं घरी येतात आणि तिथेच बिंग फुटतं, म्हणून शाखेत जाऊन घ्यायचं ठरवा. पगाराचं खातं शेवटच्या आठवड्यात बदला आणि कचेरीत फक्त पगारपत्रकं पाहणाऱ्या माणसाला सांगा. पंधरा दिवसांचा खर्च रोख हाताशी असू द्या.

कागद एकदम काढू नका. कपाटातली फाइल अचानक बारीक दिसली की लगेच लक्षात येतं. एक मूळ प्रत बाहेर न्यायची, तिच्या जागी झेरॉक्स ठेवायची, फाइल तेवढीच जाड दिसू द्यायची. तुमचं आधार, पॅन, पदवी, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि फोटो), मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची कार्डं, औषधांच्या चिठ्ठ्या हे सगळं लागेल. त्यांची पगारपावती, आयकराचं विवरणपत्र, कर्जाचे आणि घराचे कागद यांचे फोटो काढून मैत्रिणीच्या फोनवर पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसून टाका. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. ते कमाई लपवतील तेव्हा हेच फोटो कामाला येतील. अंगावर दागिने असलेले लग्नातले फोटो आणि मिळाली तर बिलंही जपून ठेवा. मात्र दागिन्यांसाठी निघण्याचा दिवस पुढे ढकलू नका. स्त्रीधन परत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

दिवस ठरवताना भांडण झालेला दिवस टाळा. ते कामावर आणि मुलं शाळेत असतील अशी वेळ बरी. घरच्या गाडीनं जाऊ नका. फास्टॅग त्यांच्या नंबरवर असेल तर टोलनाक्यावरचा संदेश त्यांच्या मोबाइलवर जातो. ॲपवरून गाडी न मागवता रस्त्यावरचा ऑटो थांबवा. शाळेत मुख्याध्यापिकांना स्वतः भेटून मुलांना घ्या. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण थेट यवतमाळची बस धरू नका. ते पहिल्यांदा तिथेच शोधायला जातील. सुरुवातीचे दिवस दुसरीकडे काढा. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केलात तर सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मुलांसह काही दिवसांची सोय होऊ शकते.

निघालात की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात एक पानाचा अर्ज द्या: मी स्वखुशीनं, छळामुळे, मुलांना घेऊन बाहेर पडले आहे, सुरक्षित आहे, पत्ता कृपया कोणाला देऊ नये. शिक्क्यासह पोच घ्या. हा अर्ज नसला की पलीकडून ‘बायको बेपत्ता’ किंवा ‘मुलं पळवली’ अशी तक्रार होते, पोलीस तुम्हाला शोधत येतात आणि तुमचा पत्ता उघडा पडतो.

आता हक्काचं. घर सोडल्यानं घरावरचा हक्क जात नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात सामायिक घरात, म्हणजे जिथे तुम्ही दोघं एकत्र राहिलात त्या घरात, राहण्याचा हक्क आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. मारहाण नसली तरी पैसे अडवून ठेवणं आणि सततचा अपमान हीसुद्धा या कायद्यात हिंसाच आहे. अर्ज कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे होतो आणि तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथेही करता येतो, म्हणजे नागपूर किंवा यवतमाळ, दोन्ही चालतील. वकिलांकडून कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायला विसरू नका. मूळ प्रकरण ६० दिवसांत संपवावं असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात ते लांबतं. तोवरचं संरक्षण आणि खर्च अंतरिम आदेशातूनच मिळतो. त्यांनी संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये (कौटुंबिक तक्रारींचा कक्ष) दोघांना समोरासमोर बसवायचं ठरलं, तर नको वाटल्यास नाही म्हणा. न्यायालयात अर्ज करण्यासाठी समेटाच्या बैठकीची अट नाही. आणि ‘शेवटचं एकदा भेट’ असा निरोप नक्की येईल. सासूकडून येईल, मुलीच्या वाढदिवसाचं निमित्त करून येईल. एकटीनं भेटू नका. जे बोलायचं ते लेखी, मुलांपुरतं. मुलांची शाळा बदलावी लागली तर आठवीपर्यंत टीसी नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

प्रश्न: मी २६ वर्षांची, मिहानमध्ये नोकरी करते. दोन वर्षांपासून एका मुलासोबत फ्लॅटवर राहून राहिली आहे. वेगळं होऊ म्हटलं की तो जीव देईन म्हणतो, नाहीतर आपले खाजगी फोटो ग्रुपवर टाकीन म्हणतो. लग्न झालेलं नाही, तर मला कायदा आहे का?
— एक वाचक, खामला

आहे. लग्नासारखं एकत्र राहणंही घरगुती हिंसाचार कायद्यात येतं. फोटोंसाठी तर लग्नाचा प्रश्नच नाही: तुमच्या संमतीनं काढलेला खाजगी फोटो संमतीशिवाय पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. धमकीचे संदेश खोडू नका, तो फोनही विकू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसायला हवी; नुसतं नाव दिसलं तर ‘हे मी पाठवलंच नाही’ म्हणायला वाव राहतो. १९३० किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे देऊन किंवा परत राहायला जाऊन फोटो मिळत नाहीत. त्याच्याकडे प्रत राहतेच आणि मागणी वाढत जाते.

‘जीव देईन’ ही धमकी खरी मानूनच वागा, पण तिला उत्तर परत जाणं हे नाही. असा संदेश आला की ११२ ला त्याचा पत्ता द्या, त्याच्या भावाला किंवा मित्राला तोच संदेश पाठवा आणि त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. त्याच्या जवळच्यांना लेखी कळवलेलं असलं की पुढे कोणी तुमच्याकडे बोट दाखवलं तर ते संदेश तुमच्या बाजूनं बोलतात. भाडेकरार दोघांच्या नावावर असेल तर घरमालकाला लेखी सूचना द्या, नाहीतर भाड्याची जबाबदारी तुमच्यावरही राहील.

प्रश्न: बहीण दोनदा निघून आली आणि दोनदा परत गेली. आता घरचे म्हणतात, तिचं ती पाहील. भाऊ म्हणून मी काय करू?
— एक वाचक, प्रतापनगर

परत जाणं म्हणजे तिला छळ चालतो असं नाही. पैसे नसतात, मुलं तिकडे असतात, आणि माफी मागणारा माणूस काही दिवस खरंच गोड वागतो. ‘या वेळी गेलीस तर पुन्हा येऊ नकोस’ हे वाक्य घरात कोणालाच बोलू देऊ नका, कारण तिला एकटं पाडणं हेच तर त्याला हवं असतं. तिच्याशी एक साधा सांकेतिक शब्द ठरवा, फोनवर तो ऐकला की विचारपूस न करता निघायचं. तिचे कागद आणि एक सिम तुमच्याकडे ठेवा. जावयाला ‘समज द्यायला’ चारचौघांना घेऊन जाऊ नका: तुमच्यावर उलट तक्रार होते आणि तुम्ही परतलात की राग तिच्यावर निघतो. धोका दिसला तर ११२ तुम्हीही लावू शकता. घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देण्याचा अधिकारही कायद्यानं कोणालाही दिला आहे, आणि ती खरेपणानं दिली असेल तर तुमच्यावर काही कारवाई होत नाही.