वाचकांचे प्रश्न : आचाऱ्यांचे आचार्य कसे झाले?

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकी पूर्ण करून आता ‘डिजिटल तंत्रज्ञान, संस्कृती आणि समाज’ या विषयावरील आंतरविद्याशाखीय संशोधनगटात जाण्याचा विचार करीत आहे. गटात समाजशास्त्र, भाषा, कायदा, संगणक अशा विभागांतील आणि तीन विद्यापीठांतील माणसे आहेत. ती एकत्र बसून नेमके करतात काय? ही नुसती खिचडी तर नव्हे? (एक पालक, नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द असला की अनुदानाच्या अर्जाला वजन येते, त्यामुळे केवळ कागदावर जमलेले गट पुष्कळ असतात. तेथे संगणकवाल्याने संकेतस्थळ बांधून द्यायचे आणि भाषेच्या प्राध्यापकांनी त्यावर मजकूर चढवायचा, एवढीच वाटणी असते. मुलीला तेथे एकच चौकशी करायला सांगा : कोणत्याही एका विभागाला एकट्याने सोडवता येणार नाही, असा कोणता प्रश्न या गटापुढे आहे?

असा प्रश्न किती लहान असू शकतो, ते मराठीच्या एका अक्षरावरून पाहू. ‘आचाऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे उमटवता येतो. काही जण त्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात, तर काही जण साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. म्हणून जुन्या मासिकांच्या संग्रहात एका प्रकाराने शोध घेतला, तर दुसऱ्या प्रकाराने टंकलेले सगळे लेख निसटतात. त्याहून वाईट म्हणजे, मजकूर ‘साफ’ करणाऱ्या आज्ञावलीने ती न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकली, की ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते. स्वयंपाकी एका क्षणात पंडित होतात आणि दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्यांचा दर्या होतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मराठी येत नसेल तर चूक झाल्याचे त्याला कळत नाही, आणि मराठीच्या प्राध्यापकांना ती चूक कोठून आली ते कळत नाही.

दुसरे उदाहरण शब्दकोशांचे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हिंदी वर्डनेटच्या पाठोपाठ ‘मराठी शब्दबंध’ उभा राहिला, आणि कोकणीचे काम गोवा विद्यापीठात झाले. अशा कोशात शब्द अकारविल्हे लावलेले नसतात. एक अर्थ, त्याचे सगळे प्रतिशब्द आणि त्या अर्थाची इतर अर्थांशी असलेली नाती, अशी त्याची मांडणी असते. बऱ्याच भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी हिंदीत आधी बांधलेले अर्थ समोर ठेवून आपापले शब्द त्यांत भरले. त्यामुळे काम लवकर होते, परंतु दोन भाषांची घरे सारखी नसतात. नवऱ्याचा थोरला भाऊ ‘जेठ’ आणि धाकटा ‘देवर’, असे हिंदीत दोन खण आहेत. मराठीत दोघेही दीरच. दोन्ही खणांत तोच शब्द ठेवायचा की ‘थोरला दीर’ आणि ‘धाकटा दीर’ असे शब्दप्रयोग भरायचे, हे ठरवायला सासरचे नाते जाणणारा भाषाभ्यासक लागतो, आणि तो जे ठरवील त्यावर यंत्राने केलेले भाषांतर अवलंबून राहते.

आपल्याकडचे या प्रकारचे एक फार मोठे काम, गंमत म्हणजे, एखाद्या विद्यापीठाच्या विभागातून उभे राहिलेले नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. त्या जमवण्यात मुळशीच्या डोंगरी भागात काम करणाऱ्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांचा मोठा वाटा होता. संगीत आणि संगणक या दोहोंचे अभ्यासक असलेले फ्रान्सचे बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात त्यांना येऊन मिळाले, आणि ध्वनिमुद्रण व माहितीसंचाची बांधणी पुढे गेली. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा ठेवा २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाद्वारे लोकांसमोर येत आहे. या कामात माझ्या मते शिकण्यासारखी गोष्ट यंत्राची नाही. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले गेले, म्हणून ती ‘लोकसाहित्य’ नावाच्या बेवारस गाठोड्यात गेली नाही. माहितीसंचात नावाचा रकाना ठेवायचा की नाही, हा दिसायला तांत्रिक, पण मुळात समाजशास्त्राचा निर्णय आहे. आपल्या मुलीच्या गटात असे निर्णय सगळे मिळून घेत असतील, तर तिने अवश्य जावे.

प्रश्न : मी समाजशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटात मी गेली सहा वर्षे सभासद आहे. त्यातील संदेश प्रबंधात उद्धृत केले आणि नावे बदलली, तर पुरेसे आहे का? (एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : नाही, पुरेसे नाही.

नावे झाकली की माणसे झाकली जातात, हा समज किती कच्चा आहे ते २००८ साली अमेरिकेत दिसून आले. एका विद्यापीठातील एका संपूर्ण तुकडीच्या फेसबुकवरील माहितीचा संच संशोधकांनी नावे काढून इतर अभ्यासकांसाठी खुला केला. विद्यापीठाचे नावही दिलेले नव्हते. मायकल झिमर या अभ्यासकाने तो संच न उघडता, केवळ त्यासोबतच्या माहितीपत्रकावरून आणि संशोधकांच्या जाहीर बोलण्यावरून ते विद्यापीठ हार्वर्ड असल्याचे ओळखले. त्यात पदवीच्या विषयांची जी नावे होती, ती एरवी कोठे आढळत नव्हती. संशोधकांनी फेसबुकची आणि विद्यापीठाची परवानगी घेतलेली होती. विद्यार्थ्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. तुमच्या गावात तर पदवीच्या विषयांचीही गरज नाही. ‘माजी उपसरपंच, दूध संस्थेचा सचिव’ एवढे लिहिले की वेशीपासून चावडीपर्यंत सगळ्यांना माणूस कळतो.

या प्रश्नांवर दीर्घकाळ विचार केलेले एक आंतरराष्ट्रीय जाळे म्हणजे इंटरनेटच्या संशोधकांची संघटना. तिची पहिली परिषद २००० साली कॅन्सस विद्यापीठात भरली. माध्यमे, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, संगणक असे सगळ्या बाजूंचे लोक तिच्यात आहेत. २००२ साली तिने संशोधनातील नीतीविषयी मार्गदर्शिका काढली आणि पुढे ती दोनदा नव्याने लिहिली. त्या मार्गदर्शिकेत नियमांपेक्षा प्रश्न अधिक आहेत, आणि मला हाच तिचा गुण वाटतो. लिहिणाऱ्याला हा संदेश किती जणांपर्यंत जाईल असे वाटत होते? तो बाहेर आला तर कोणाला इजा होईल? माणूस जितका दुबळा, तितकी संशोधकाची जबाबदारी मोठी, असे तिचे एक सूत्र आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी काही सवलत आहे, परंतु कायद्याने सूट दिली म्हणजे गावाने दिली असे होत नाही.

तेव्हा तुम्ही त्या गटात सहा वर्षे गावची लेक म्हणून होता. संशोधक म्हणून आजपासून आहात, हे गटात स्पष्ट लिहा आणि एकदा पारावर बसून तोंडीही सांगा, कारण सगळेच संदेश वाचत नाहीत. मागचे संदेश वापरायचे झाल्यास ज्याचा संदेश त्याला विचारा. शब्दशः उतारे कमी ठेवा. ज्याच्याकडे तो गट आहे, त्याला एका वाक्यावरून शोध घेऊन मूळ संदेश काढता येतो. मार्गदर्शक घाई करतील, पण हे काम प्रबंधाच्या शेवटी करता येत नाही.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नसताना तंत्रज्ञान आणि भाषा यांना जोडणाऱ्या कामात मला जागा आहे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : आहे. दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन पीठात २००० साली सुरू झालेल्या ‘सराय’ या माध्यमे आणि शहरे यांच्या अभ्यासाच्या उपक्रमाने विद्यापीठाबाहेरच्या लोकांनाही अभ्यासवृत्त्या दिल्या होत्या, त्यामुळे ही कल्पना नवी नाही. आपण आजच सुरुवात करू शकाल, असे काम मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरील खुल्या ग्रंथालयात आहे. तेथे एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र असते आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. दोन्ही ताडून चुका दुरुस्त करायच्या असतात. ‘ध’ आणि ‘घ’ यांत यंत्र हमखास गोंधळते. फक्त एक सांभाळा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार दिसतील आणि इतकी वर्षे वह्या तपासलेला आपला हात लाल शाईकडे जाईल. ते अनुस्वार आहेत तसेच राहू द्यावेत.