नहाणी ट्रॅप, सेफ्टी वॉल्व्ह आणि प्लंबरच्या यादीतले बाकीचे शब्द

देवगडजवळच्या गावच्या घराची न्हाणी नव्याने करताय, घर गणपतीत आणि मे महिन्यातच उघडतं, आणि प्लंबरच्या यादीतलं काय गाळलं तर चालेल, असं तुम्ही विचारलंय. सीपीव्हीसी, अँगल कॉक, सेफ्टी वॉल्व्ह, नहाणी ट्रॅप. माझं उत्तर: काहीच गाळू नका.

सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्याचा पिवळसर पाइप. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला, गरम पाण्याने तो मऊ पडतो. दोघांचं सोल्युशनही वेगळं असतं, एकाच डब्यातून जोडायला देऊ नका. अँगल कॉक म्हणजे गिझर किंवा बेसिनच्या नळीआधीचा छोटा कॉक. तो असला की दुरुस्तीसाठी अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही.

सेफ्टी वॉल्व्हबद्दल मात्र नीट ऐका. तो गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी बसतो. बहुतेक वेळा त्यातच एनआरव्हीही असतो, म्हणजे पाणी आत जातं, उलट घरावरच्या टाकीकडे येत नाही. 15 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापलं की साधारण पाव लिटरने फुगतं. परतीची वाट बंद, मग ते जाणार कुठे? म्हणून दाब वाढला की वॉल्व्ह थेंब थेंब सोडतो. आमच्याकडे एका मिस्त्रीने हे गळणं समजून तिथे प्लग ठोकला होता. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. नाहीतर गिझरची टाकी फुटायला वेळ लागत नाही. वॉल्व्हच्या थेंब सोडणाऱ्या तोंडाला बारीक नळी लावून मोरीत सोडा, पण बंद कधीच करू नका. गिझर बंद असतानाही दिवसभर गळत असेल, तर वॉल्व्ह बदला.

विहीर खाडीलगत असेल आणि उन्हाळ्यात पाणी मचूळ होत असेल, तर गिझरमधला अ‍ॅनोड वर्षाकाठी काढून बघा. ही मॅग्नेशियमची कांडी टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजते. ती संपली की गंज टाकीला लागतो.

नहाणी ट्रॅप हा शब्द आपल्या न्हाणीतूनच आलाय, आणि बंद घरात सगळ्यात जास्त त्रास तोच देतो. जाळीखालच्या वाटीत पाणी साठून राहतं, साधारण 50 मिलिमीटर, आणि त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. चाकरमानी घर बंद करून गेले की दोन-तीन महिन्यांत ते सुकतं. मग दार उघडल्याबरोबर दुर्गंधी, आणि लोक ड्रेनेज तुंबलं म्हणून फरशी फोडायला निघतात! निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, वर दोन चमचे गोडेतेल. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही.

निघताना गिझरही रिकामा करा. परत आल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडा, धार सलग येऊ द्या, मगच बटण दाबा. रिकाम्या टाकीत कॉइल लगेच जळते.