इंटरनेट फोनचा अडॅप्टर घरी जोडताना

साधा फोन इंटरनेटवर चालवणारा हा अडॅप्टर राउटरच्या लॅन पोर्टला केबलने जोडा आणि फोनची तार ‘फोन’ असे लिहिलेल्या पोर्टमध्येच घाला. टेलिफोन कंपनीची भिंतीतून येणारी जुनी लाइन मात्र तिथे चुकूनही लावू नका, कारण तिच्यातील विजेच्या दाबाने अडॅप्टर जळू शकतो. सेवादात्याने दिलेले सर्व्हरचे नाव, युजरनेम आणि पासवर्ड भरले की नोंदणी होते.

खरी अडचण बहुधा पुढे येते: घंटी वाजते, पण आवाज एकाच बाजूला ऐकू येतो. फोन जुळवणारे ‘एसआयपी’ संदेश सहसा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून (इथे पोर्ट म्हणजे तार घालायची जागा नव्हे, तर नेटवर्कमधील क्रमांकाची वाट) जातात, आवाज मात्र वेगळ्या पोर्टवरून जातो, आणि राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ ही सोय त्या संदेशांतील पत्ते बदलताना पुष्कळदा चुकवते. ती आधी बंद करा. माझ्या घरचा दोन आठवड्यांचा त्रास एवढ्यानेच संपला. थोड्या वेळाने बाहेरून येणारे फोन लागेनासे होत असतील, तर अडॅप्टरमध्ये ‘नॅट कीप-अलाइव्ह’ (राउटरमधील वाट बंद होऊ नये म्हणून अधूनमधून छोटे संदेश पाठवणारी सोय) चालू करा.

जी.७११ कोडेकला (आवाजाचे डिजिटल रूपांतर करण्याच्या एका पद्धतीला) प्रत्येक दिशेने सुमारे ९० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) इंटरनेट वेग पुरतो. वीज गेल्यावर फोन बंद पडू नये, यासाठी अडॅप्टरसोबत राउटर आणि फायबरचा मोडेमही इन्व्हर्टरवर घ्या.