वूस्टरला वर आपण, खाली भाडेकरू: जमेल, पण कधी?

तुमचा प्रश्न असा, की नागपूरच्या त्रिमूर्तीनगरला वर आपण आणि खाली भाडेकरू अशी जी सोय आहे, तीच अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला पोचल्या पोचल्या करता येईल का. म्हणजे तीन मजली घर घ्यायचं, दोन मजले भाड्यानं द्यायचे आणि हप्ता त्यातूनच सुटायचा. नोकरीसाठीचा एच-१बी व्हिसा, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी, आणि बाबा काही पैसे द्यायला तयार आहेत.

जमतं, पण पहिल्या वर्षी नको. आणि बँकेच्याही आधी मुलीचं वय बघा.

वूस्टरची ती लाकडी थ्री-डेकर, म्हणजे तीन मजली, घरं बहुतेक शंभरेक वर्षांची, कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेली. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे या घरांत ते असणार असंच धरून चाला. मॅसॅच्युसेट्सचा कायदा सांगतो, की अशा घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाचा धोका मालकानं काढायचा किंवा झाकायचा. मूल भाडेकरूचं असो की मालकाचं. 'लहान मुलं असलेल्यांना देत नाही' ही पळवाटही बंद आहे, तो भेदभाव ठरतो. म्हणून घर बघताना आधी लेड कम्प्लायन्सचं, म्हणजे शिशाचा नियम पाळल्याचं, पत्र मागा. नसेल तर तो खर्च धरूनच भाव करा.

आता कर्ज. 'साडेतीन टक्के भरा, चार घरांचे मालक व्हा' असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते एफएचए कर्ज, म्हणजे सरकारी विम्याचं गृहकर्ज, मे २०२५ पासून फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. तुमच्यासाठी राहिलं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विम्याशिवायचं साधं कर्ज. बँकांची गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमानं नोव्हेंबर २०२३ पासून चार युनिटपर्यंतच्या घराला, स्वतः राहणार असाल तर, ५ टक्के डाउन पेमेंट चालतं. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलं की मॉर्गेज इन्शुरन्स, म्हणजे बँकेचं कर्ज बुडू नये म्हणून तुम्ही भरायचा विमा, लागतोच. सिबिल कितीही चांगला असो, तिथं क्रेडिट शून्यापासून उभं करावं लागतं. येणारं भाडं बँक साधारण ७५ टक्केच धरते. उरलेलं रिकामे महिने आणि दुरुस्तीसाठी. तुम्ही त्याहून कमी धरा. घर भरलेलं असताना कोणाचंही गणित जुळतं, बाप्पा!

बाबांना एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जाईल, तो त्यांना रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. तिथली बँक गिफ्ट लेटर, म्हणजे हे पैसे भेट आहेत, परत करायचे नाहीत असं पत्र, मागेल. वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर तुम्ही अमेरिकेच्या कर खात्याचा फॉर्म ३५२० भरायचा. कर नाही, पण विसरलात तर दंड जबर आहे.

घरमालकी मात्र आपल्यासारखी सैल नाही. डिपॉझिट जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याइतकं, तेही वेगळ्या व्याजाच्या खात्यात. आपल्याकडं डिपॉझिट खर्चून पुढच्या भाडेकरूच्या पैशातून परत करतात, तसं तिथं केलं तर तिप्पट भरायची पाळी येऊ शकते. हिवाळ्यात घर दिवसा ६८ आणि रात्री ६४ फॅरनहाइटपर्यंत तापेल अशी हीटिंगची सोय मालकाची जबाबदारी. इंधनाचा खर्च भाडेकरूकडे द्यायचा तर वेगळा मीटर आणि लेखी करार दोन्ही हवेत. जिन्यातला दिवा भाडेकरूच्या मीटरवर असेल तर तेही करारात लिहावं लागतं. बर्फही तुम्हीच उपसायचा, मे महिन्याच्या नागपूरची आठवण काढत. कराचा एक फायदा आहे: भाड्यानं दिलेल्या भागाचा घसारा २७.५ वर्षांत वजा मिळतो, जमिनीचा नाही.

माझं ऐकाल तर आधी अशाच घरातला एखादा मजला भाड्यानं घ्या. जानेवारीतलं गॅसचं बिल तुमच्या हातात पडू द्या, मुलगी शाळेत रुळू द्या, एच-१बीची मुदतवाढ येऊ द्या. नंतर घरं बघायला लागलात की जाहिरातीची लिंक पाठवा. पण सोबत तळघराचे, बॉयलरचे आणि मीटरच्या पेट्यांचे फोटोही मागवून घ्या. एजंट ते आपणहून देत नाहीत.